गावठाण आणि गायरान (महाराष्ट्र)

गावठाण म्हणजे गावातील राहत्या वस्तीसाठी महसूल अभिलेखात निश्चित केलेली जागा, तर गायरान म्हणजे त्याच गावाच्या शिवारात गुरांच्या मोफत चराईसाठी राखून ठेवलेली शासकीय जमीन. महाराष्ट्रातील ग्रामीण जमिनीच्या नियोजनात घरे कोठे व्हावीत आणि कोणती जमीन मोकळी राहावी, या दोन प्रश्नांची उत्तरे प्रामुख्याने या दोन संज्ञांभोवती फिरतात. दोन्ही संज्ञा महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये आल्या असल्या तरी त्यांमागील व्यवस्था बरीच जुनी आहे. बहुतेक गावांच्या गावठाणाची सीमा ब्रिटिशकालीन मोजणीत ठरली आणि त्यानंतर वस्ती वाढली त्या प्रमाणात ती वाढली नाही. वाढलेल्या वस्तीचा एक भाग खासगी शेतजमिनीवर, तर दुसरा भाग, म्हणजे मुख्यतः भूमिहीनांचा, गायरानावर गेला. गायरानावरील अतिक्रमणाचा वाद या पार्श्वभूमीशिवाय नीट समजत नाही.

संज्ञा

देशावरील जुन्या बोलीत वस्तीच्या जागेला ‘पांढरी’ आणि लागवडीच्या जमिनीला ‘काळी’ म्हणत. पिढ्यान्‌पिढ्या पडलेल्या मातीच्या भिंती, राख व केरकचरा यांमुळे वस्तीची माती पांढुरकी होते, यावरून हे नाव पडले. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथात या व्यवस्थेचे तपशीलवार वर्णन आढळते. पांढरीभोवती गावकूस, त्याला वेस, आत जातवार आळ्या, आणि अस्पृश्य मानलेल्या जातींची वस्ती कुसाबाहेर, अशी सर्वसाधारण रचना होती. कुसाबाहेरच्या या वस्त्यांना विस्तारासाठी स्वतःची जमीन नव्हती. गायरानावरील घरांच्या आजच्या प्रश्नाची सामाजिक बाजू तेथपर्यंत मागे जाते.

गायरानास ‘गुरचरण’ असेही म्हणतात. वऱ्हाडात ‘ई-वर्ग जमीन’ हा शब्द रूढ आहे. विदर्भाच्या पूर्व भागात मध्य प्रांताच्या महसूल परंपरेतून ‘आबादी’ (वस्तीची जागा), ‘निस्तार पत्रक’ (सामाईक जमिनींच्या वापराच्या हक्कांची नोंद) आणि ‘वाजिब-उल-अर्ज’ (गावातील रूढ हक्कांची नोंद) या संज्ञा आल्या असून शेवटच्या दोहोंना १९६६ च्या संहितेतही स्थान आहे. कोकणात चित्र वेगळे आहे. तेथील वस्ती वाड्यांमध्ये विखुरलेली असते आणि अनेक घरे मालकीच्या हिश्श्यातच उभी असतात. त्यामुळे एकाच जागी दाटीने वसलेले गावठाण ही कल्पना तेथे देशाइतकी लागू पडत नाही. आदिवासी भागातील पाड्यांबाबतही हेच म्हणता येते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

मुंबई इलाख्यातील रयतवारी मोजणीचे काम गोल्डस्मिड व विंगेट या अधिकाऱ्यांनी १८३५ च्या सुमारास इंदापूर तालुक्यापासून हाती घेतले. मोजणीचा उद्देश शेतसारा ठरविणे हा होता. त्यामुळे लागवडीच्या प्रत्येक तुकड्याला सर्व्हे नंबर, क्षेत्र आणि आकार मिळाला, पण वस्तीची जागा नकाशावर एका बंद आकृतीने दाखवून सोडून देण्यात आली. तिच्यातून सारा मिळणार नव्हता, तेव्हा आतील घरे, बखळी, परडी व बोळ मोजण्याचे कारणही नव्हते. शेताची नोंद बांधापर्यंत काटेकोर आणि राहत्या घराची नोंद जवळजवळ नाही, हा विरोधाभास त्या वेळेपासून सुरू झाला आणि पुढे दीडशे वर्षांहून अधिक काळ टिकला.

याच मोजणीत चराई, सरपण, खळी, स्मशान, गुरांचा तळ अशा सामाईक कामांसाठी काही जमिनी राखण्यात आल्या. मुंबई जमीन महसूल अधिनियम, १८७९ ने या पद्धतीला कायद्याचे रूप दिले. या जमिनींची मालकी सरकारची आणि उपभोग गावाचा, असे तत्त्व त्यातून रुजले. व्यवहारात गावकरी गायरान ‘गावाचे’ मानतात, सातबारा उताऱ्यावर मात्र भोगवटादाराच्या जागी ‘सरकार’ असते.

कायदेशीर चौकट

जमीन महसूल संहितेच्या कलम १२२ नुसार गाव, नगर किंवा शहराच्या जागेत कोणत्या जमिनी येतात हे ठरविण्याचा व त्या सीमा बदलण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे. कलम २२ नुसार जिल्हाधिकारी शासकीय जमीन चराई, सरपण, दफनभूमी, गावठाण, बाजार, रस्ते, उद्याने आदी प्रयोजनांसाठी नेमून देऊ शकतात. अशी नेमून दिलेली जमीन त्यांच्या मंजुरीशिवाय अन्य कामासाठी वापरता येत नाही. म्हणजे गावठाण वाढविण्याचा आणि गायरान राखण्याचा अधिकार एकाच अधिकाऱ्याकडे आहे. ग्रामपंचायत याविषयी ठराव करू शकते, अंतिम निर्णय घेऊ शकत नाही.

कलम २३ गायरानावरील चराईचा हक्क त्या गावच्या गुरांपुरता मर्यादित करते. फिरत्या धनगर मेंढपाळांना या तरतुदीचा लाभ होत नाही. त्यांची चराई कापणीनंतरच्या शेतांत मेंढ्या बसविण्याच्या रिवाजावर आणि डोंगर-माळांवर अवलंबून राहिली आहे. कलम ५० अतिक्रमण काढण्याविषयी, तर कलम ५१ ते नियमित करण्याविषयी आहे. ही दोन कलमे संहितेत शेजारी असली तरी धोरणाचा कल काळानुसार कधी पहिल्याकडे, तर कधी दुसऱ्याकडे झुकलेला दिसतो.

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ मधील कलम ५२ बांधकामाच्या परवानगीशी आणि कलम ५३ सार्वजनिक रस्ते व मोकळ्या जागांवरील अतिक्रमण हटविण्याशी संबंधित आहे. गावठाणाबाहेरच्या जमिनीचा वापर महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ खालील प्रादेशिक योजनांनी ठरतो. या योजनांत शिवाराचा मोठा भाग शेती किंवा हरित विभागात दाखविलेला असतो आणि घरबांधणी गावठाण व त्यालगतच्या पट्ट्यापुरती सीमित केलेली असते. हा पट्टा खुला करण्याच्या हेतूने महसूल संहितेत नंतर कलम ४२-ड समाविष्ट करण्यात आले. प्रादेशिक योजनेत विकासयोग्य विभागात असलेली व गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतील जमीन त्यानुसार निवासी वापरासाठी अकृषिक झाल्याचे मानले जाते. तिच्यासाठी स्वतंत्र बिगरशेती परवानगीची गरज उरत नाही. ही सवलत अर्थातच ज्याच्याकडे जमीन आहे त्यालाच मिळते.

घरांची गरज आणि जागेची टंचाई

गावठाण दाटले की कुटुंबापुढे तीन मार्ग उरतात: स्वतःच्या शेतात घर बांधणे, कोणाकडून एक-दोन गुंठे जागा घेणे, किंवा सरकारी जमिनीवर राहणे. पहिला मार्ग शेतकऱ्यांचा. मळ्यातील वस्त्या त्यातून वाढल्या आणि अनेक तालुक्यांत जुन्या पांढरीतील वाडे रिकामे पडून लोकवस्ती शिवारभर पसरली.

दुसऱ्या मार्गात १९४७ चा तुकडेबंदी कायदा आडवा येतो. शेतजमिनीचे किफायतशीर न राहणारे तुकडे होऊ नयेत, हा त्याचा हेतू. त्याखालील प्रमाणभूत क्षेत्र २०२३ मध्ये बागायतीसाठी १० गुंठे आणि जिरायतीसाठी २० गुंठे करण्यात आले. घरापुरते दोन गुंठे विकत घेणाऱ्याला मात्र या मर्यादेत जागा नाही. परिणामी असे व्यवहार वर्षानुवर्षे साध्या मुद्रांक कागदावर होत राहिले: ताबा मिळाला, नाव लागले नाही. अशा व्यवहारांना नियमित करण्याची तरतूद २०१७ च्या दुरुस्तीने केली. त्यासाठी ठेवलेली बाजारमूल्याच्या २५ टक्क्यांपर्यंतची रक्कम पुढे ५ टक्क्यांवर आणण्यात आली. घरकुल योजनेच्या लाभार्थ्याला घरापुरता लहान तुकडा घेता यावा, यासाठीही २०२४ मध्ये नियमांत अपवाद करण्यात आला.

तिसरा मार्ग भूमिहीनांचा. घरकुल योजनांची रचना येथे निर्णायक ठरते. १९८५ मध्ये सुरू झालेल्या इंदिरा आवास योजनेची जागा १ एप्रिल २०१६ पासून प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) ने घेतली. तीत किमान २५ चौरस मीटरच्या घरासाठी सपाट प्रदेशात १ लाख २० हजार रुपये साहाय्य ठरविण्यात आले. राज्याच्या रमाई आवास व शबरी आवास या योजना अनुक्रमे अनुसूचित जाती व नवबौद्ध आणि अनुसूचित जमातींसाठी आहेत. या सर्व योजना बांधकामाला पैसे देतात, पण ज्या जागेवर घर उभे राहायचे ती लाभार्थ्याकडे असल्याचे गृहीत धरतात. ज्याच्या नावावर जागा नाही त्याचे नाव यादीत येऊनही घर होत नाही. ही त्रुटी भरून काढण्यासाठी राज्याने पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी अर्थसाहाय्य योजना आणली. तिच्यात जागा खरेदीसाठी कमाल ५० हजार रुपये मिळत आणि ही मर्यादा नंतर १ लाख करण्यात आली. मोठ्या गावांत आणि रस्त्यालगत जागेचे भाव याहून बरेच पुढे गेलेले आहेत.

गावठाण विस्तार

यावरचा सरळ उपाय गावठाण वाढविण्याचा आहे, आणि त्यासाठी कायद्यात वाव नाही असे कधीच नव्हते. कलम १२२ खाली सीमा बदलता येते. लगतची शासकीय जमीन कलम २२ खाली गावठाणासाठी देता येते. ती नसेल तर खासगी जमीन संपादित करता येते, कारण १८९४ च्या भूसंपादन अधिनियमात गावाच्या जागेची तरतूद व विस्तार यांचा सार्वजनिक प्रयोजनात स्पष्ट उल्लेख होता. २०१३ च्या नव्या कायद्यातही गावांच्या जागांचा नियोजित विकास आणि दुर्बल घटकांच्या निवासासाठी जमीन ही प्रयोजने आहेत. १९७० च्या दशकात वीस कलमी कार्यक्रमाच्या काळात भूमिहीनांना घरजागा वाटण्यासाठी अनेक गावांत ‘वाढीव गावठाण’ झाले. गावांच्या नकाशांवर सरळ रेषांत आखलेला, जुन्या पांढरीपासून थोडा दूर असा एखादा चौकोन आजही दिसतो, तो बहुधा याच काळातला किंवा पुनर्वसनाचा असतो.

खासगी जमीन संपादित करण्यास खर्च येतो आणि मालकाचा विरोध असतो. शासकीय जमीन म्हणून गावात बहुधा गायरानच उपलब्ध असते, आणि ते देणे २०११ नंतर अवघड झाले. विस्ताराचे प्रस्ताव या कोंडीत अडकतात.

गायरान, भूमिहीन आणि न्यायालये

गायरानावरील ताबा हा केवळ निवाऱ्याचा प्रश्न नव्हता. पडीक व गायरान जमिनी भूमिहीनांना कसण्यासाठी मिळाव्यात, ही मागणी दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४-६५ मध्ये झालेल्या भूमिहीनांच्या सत्याग्रहांतून पुढे आली. मराठवाड्यात ही चळवळ विशेष दीर्घकाळ चालली. दलित कुटुंबांनी गायरानाचे तुकडे लागवडीखाली आणले आणि त्यावरून गावागावांत संघर्ष झाले. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची शेतीसाठीची अशी अतिक्रमणे अटींवर नियमित करण्याचे ठरले. प्रत्यक्ष नोंदी होण्यासाठी ताब्याचा पुरावा लागे. गाव नमुना १-ई या अतिक्रमण नोंदवहीतील नोंद हा त्यातला मुख्य पुरावा. शासनाने बेकायदा कृत्याची नोंद ठेवण्यासाठी राखलेली वही हीच कसणाऱ्याच्या हक्काचा आधार झाली. ज्यांची नोंद तलाठ्याने घेतली नाही, त्यांचे दावे त्यामुळे कमजोर राहिले.

सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या प्रकरणात निकाल दिला. मूळ वाद पंजाबातील एका गावाच्या तळ्याचा होता. परंतु न्यायालयाने सर्व राज्यांना गावांच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटविण्याची योजना तयार करण्याचा आदेश दिला. दीर्घकाळचा ताबा किंवा बांधकामावर झालेला खर्च हे नियमितीकरणाचे कारण होऊ शकत नाही, असे त्यात म्हटले होते. अपवाद मोजके ठेवले: शासनाच्या अधिसूचनेने भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना पट्टा दिलेला असल्यास, अथवा जमिनीवर आधीच शाळा, दवाखाना किंवा अन्य सार्वजनिक सुविधा असल्यास. यानंतर महाराष्ट्र शासनाने १२ जुलै २०११ रोजी निर्णय काढून गायरान जमिनी खासगी व्यक्ती वा संस्थांना देण्यावर निर्बंध आणला. दुसरी जमीन उपलब्ध नसेल तेव्हाच सार्वजनिक कामासाठी त्या देता येतील, असे ठरले.

मुंबई उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये हा विषय स्वतःहून जनहित याचिका म्हणून हाती घेतला. त्या सुनावणीत राज्याने दिलेल्या माहितीनुसार राज्यात सुमारे ४ लाख ५२ हजार हेक्टर गायरान असून त्यापैकी सुमारे १० हजार हेक्टरवर, म्हणजे सव्वादोन टक्क्यांच्या आसपास, अतिक्रमण होते. बांधकामांची संख्या सुमारे २ लाख २२ हजार होती. या दोन आकड्यांची तुलना बोलकी आहे. अतिक्रमित क्षेत्राला बांधकामांच्या संख्येने भागले तर प्रत्येकी सरासरी साडेचार गुंठे येतात. यात शेतीचे ताबे, गोठे व व्यापारी गाळेही धरलेले असल्याने ही सरासरी ढोबळ आहे, तरी घरांचे प्रमाण मोठे असल्याचे तिच्यावरून दिसते. न्यायालयाने वर्षअखेरपर्यंत अतिक्रमणे काढण्याचे आदेश दिल्यावर नोव्हेंबरात नोटिसा निघाल्या. अनेक जिल्ह्यांत मोर्चे झाले आणि ठरलेल्या मुदतीत कारवाई पूर्ण होऊ शकली नाही.

अतिक्रमणाचा परिणाम स्थानिक राजकारणावरही होतो. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ नुसार शासकीय वा सार्वजनिक जमिनीवर अतिक्रमण करणारी व्यक्ती सदस्यपदास अपात्र ठरते. ज्या घरात सदस्य राहतो ते कुटुंबीयाने बांधलेले असले तरी ही अपात्रता लागू होते, असे सर्वोच्च न्यायालयाने जनाबाई प्रकरणात २०१८ मध्ये स्पष्ट केले. त्यामुळे गायरानावरील वस्तीतून निवडून आलेल्या सदस्याचे पद तक्रारीनिशी धोक्यात येऊ शकते. गावठाण वाढावे असा ठराव मांडण्याची सर्वाधिक गरज ज्यांना आहे, त्यांचाच ग्रामपंचायतीतील आवाज या तरतुदीने क्षीण होतो. दुसरीकडे, ती नसती तर धनिक व प्रभावी गावकऱ्यांनी बळकावलेल्या जमिनींविरुद्ध गावाच्या हाती एक साधन कमी झाले असते, हेही नोंदविले पाहिजे.

मोजणी आणि मिळकत पत्रिका

संहितेच्या कलम १२६ खाली दोन हजारांहून अधिक लोकसंख्येच्या गावठाणांचे नगर भूमापन करता येत असे. त्या खालच्या गावांत घराचा एकमेव कागद म्हणजे ग्रामपंचायतीचा नमुना ८, म्हणजे घरपट्टीची आकारणी नोंदवही. (तलाठ्याचा खातेदारांविषयीचा गाव नमुना ८-अ हा वेगळा. दोहोंत नेहमी गोंधळ होतो.) नमुना ८ कर कोण भरतो हे सांगतो, मालक कोण हे सिद्ध करीत नाही. त्यामुळे बँका त्यावर सहसा तारण कर्ज देत नाहीत.

पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यातील सोनोरी येथे ड्रोनद्वारे गावठाण मोजणीचा प्रयोग झाला आणि त्यातून राज्यव्यापी गावठाण जमाबंदी प्रकल्प उभा राहिला. केंद्राची स्वामित्व योजना २४ एप्रिल २०२० रोजी जाहीर झाली, तेव्हा महाराष्ट्र तिच्या पहिल्या राज्यांत होता. भूमी अभिलेख विभाग, ग्रामविकास विभाग आणि भारतीय सर्वेक्षण विभाग मिळून हे काम करतात. मिळकतींच्या कडा चुन्याने आखल्या जातात, ड्रोन छायाचित्रे घेतो, त्यावरून नकाशा होतो, मग चौकशी व हरकती होऊन सनद आणि मिळकत पत्रिका दिली जाते. बोळ, चावडी, आड, मंदिराचे आवार, बखळी यांसारख्या सार्वजनिक जागांचेही क्षेत्र यात प्रथमच नोंदले जाते. नियोजनाच्या दृष्टीने हा भाग घरांच्या नोंदीइतकाच मोलाचा आहे. मात्र मोजणी गावठाणाच्या हद्दीत होते. हद्दीबाहेर गायरानावर राहणाऱ्यांच्या स्थितीत तिने फरक पडत नाही.

नव्याने वसविलेली गावे

गावठाण संपूर्ण नव्याने आखण्याचे प्रसंग धरणे आणि नैसर्गिक आपत्ती यांमुळे आले. यातील सर्वांत मोठा प्रयोग ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत झाला. ५२ गावे नव्या जागी हलविण्यात आली. कुटुंबाच्या जमीनधारणेनुसार २५०, ४०० व ७५० चौरस फुटांची घरे देण्यात आली. दगड-मातीच्या जाड भिंतींखाली सुमारे ८ हजार माणसे दगावली होती, म्हणून नवी रचना मोकळी व रुंद रस्त्यांची ठेवली गेली. नव्या गावठाणांचे क्षेत्र जुन्यापेक्षा अनेक पटींनी वाढले. त्यासाठी लागणारी जमीन शेतीतून गेली. लांबलेल्या नळवाहिन्या व रस्त्यांच्या देखभालीचा भार ग्रामपंचायतींवर पडला. नगराप्रमाणे काटकोनात आखलेल्या प्लॉटांत गुरे, कडबा आणि अवजारे यांना पुरेशी जागा नसल्याने लोकांनी पुढे स्वतःच्या सोयीने पडव्या व गोठे वाढविले. पुणे जिल्ह्यातील माळीण गाव ३० जुलै २०१४ रोजी दरडीखाली गेल्यानंतर त्याचेही नव्या जागी पुनर्वसन झाले.

हिरवी जमीन म्हणून गायरान

प्रादेशिक योजनांतील ‘हरित विभाग’ ही खासगी शेतजमीन असते. गावात सर्वांना पाय ठेवता येईल अशी मोकळी जमीन म्हणजे गायरान, देवराई, ओढ्याचा काठ आणि तळे. गायरानाचा दर्जा मात्र गावागणिक बदलतो. काही ठिकाणी ते मुरमाड माळ होऊन राहिले आहे, काही ठिकाणी विलायती बाभळीने व्यापले आहे. अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यातील हिवरे बाजार येथे १९८९ नंतर चराईबंदी व कुऱ्हाडबंदी पाळून गवत कापून नेण्याची पद्धत आणली गेली आणि उघडे डोंगर पुन्हा गवताखाली आले. चराई पूर्ण बंद करण्याचा ताण शेळ्या-मेंढ्यांवर जगणाऱ्या कुटुंबांवर अधिक येतो, म्हणून असे निर्णय ग्रामसभेच्या संमतीशिवाय टिकत नाहीत.

गायरानावरील नवा दावेदार सौर ऊर्जेचा आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० (२०२३) खाली शेतीला दिवसा वीज देण्यासाठी उपकेंद्रांजवळच्या शासकीय जमिनी नाममात्र भाड्याने प्रकल्पांना देण्यात येत आहेत आणि त्यांत गायरानांचा मोठा वाटा आहे. हे सार्वजनिक प्रयोजन असल्याने २०११ चा निर्बंध त्यास आड येत नाही. काही गावांनी चराई, वृक्षलागवड किंवा घरकुलांसाठी जागा शिल्लक राहत नाही या कारणावरून ग्रामसभेत विरोधी ठराव केले आहेत. संहितेनुसार निर्णय जिल्हाधिकाऱ्यांचा असल्याने हे ठराव त्यांच्यावर बंधनकारक नाहीत.